नाव बदललं आहे

नोकरी गेल्याचं घरी न सांगणाऱ्या तरुणांना शोधत पत्रकार देवेश दोन महिने उपनगरं पालथी घालत होता. बोरिवलीत एक मुलगी भेटली. ती रोज आईने भरलेला डबा घेऊन घरातून निघायची आणि संध्याकाळपर्यंत मॉलच्या फूड कोर्टमध्ये बसून राहायची. खरं नाव छापू नका, म्हणून तिने हात जोडले होते. लेख द्यायच्या घाईत देवेशला दुसरं नाव सुचेना. त्याने सरळ आपल्या बहिणीचंच टाकलं, रुचिरा.

रविवारी लेख छापून आला. सोमवारी सकाळी चहा पिताना बाबांनी तो मोठ्याने वाचला आणि हसले, "अरे, बदलून बदलून आमच्याच पोरीचं नाव मिळालं तुला?"

रुचिरा हसली नाही. डबा उचलून ती ऑफिसला निघाली. देवेशला फार अपराधी वाटलं. तो तिच्यामागे जिन्यापर्यंत धावला.

"सॉरी यार रुचू, चुकलंच माझं. आधी तुला विचारायला हवं होतं."

तिने डबा छातीशी घट्ट धरला.



"आईला नको ना सांगू, दादा... तू मला तिथे कधी बघितलंस?"