न दिलेला पास

"ताई, इकडे," बास्केटखाली मोकळी असलेली रोझलिन हात वर करून ओरडली.

बारा वर्षं खेळलेल्या अनघाला ती स्पष्ट दिसली. पण गुडघा दुखावल्यापासून अनघाला ठाऊक होतं, क्लब पुढचा करार आपल्याऐवजी या पोरीशीच करणार. तिने पास दिलाच नाही. स्वतःच लांबून बॉल टाकला. तो रिंगला लागून उडाला आणि हातातली फायनल गेली.

ड्रेसिंग रूममध्ये कोचनी अनघाला विचारलं, "पास का नाही दिलास?"

ती काही बोलायच्या आत रोझलिन म्हणाली, "सर, मीच उशिरा पोचले. ताईंना दिसले नसेन."

सगळे गेल्यावर रोझलिनने अनघाच्या सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ धरला. अनघाला मान वर करवेना. "दिसली होतीस गं मला," ती कशीबशी म्हणाली.

"माहितीये, ताई. पाय हलवू नका."