चार वाजेपर्यंत

"पार्टटाइमला आम्ही नोकरी धरत नाही, जोसेफिन," काउंटरपलीकडचा पोरगेला अधिकारी म्हणाला. "फुलटाइम शोध. या महिन्यात मिळाली नाही, तर सरकारी भत्ता बंद होईल."

तो उद्धट नव्हता, हीच पंचाईत होती. उद्धट माणसाशी निदान भांडता तरी येतं. जोसेफिनने त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये सकाळी सँडविचेस करते. शाळा घराच्या मागेच आहे, म्हणून मध्येच धावत येऊन आईला भरवता येतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून आई दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाही. तिला वसईहून आणून फार वर्षं झाली नाहीत, त्यामुळे तिला इथलं पेन्शन नाही. आणि तिलाच पेन्शन नाही म्हणून तिला सांभाळणारीलाही काही नाही. जोसेफिनने लग्न केलं नव्हतं. कॅन्टीनच्या पगारात मेलबर्नमध्ये घरभाडंसुद्धा भागत नव्हतं.

अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे आजारी माणसाला सांभाळायचा तुला अनुभव आहे."

एक संस्था म्हाताऱ्यांच्या घरी बायका पाठवत असे. तिथे फुलटाइम जागा होती. आणि माझ्या आईचं काय, असं जोसेफिनने विचारलं, तर त्याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं. मुलगी दिवसभर कामावर जायला लागली की आईसाठी तशीच एक बाई येईल. नो वरीज.

आपण दुसरीच्या आईला सांभाळायचं आणि आपल्या आईला तिसरीने. सरकारी डोक्यातून याहून वेगळं काय निघणार, असं जोसेफिनच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अडला हरी. तिने सही केली.

तिला भीती एकाच गोष्टीची होती. आई आधीच वाळून काटकी झाली होती. आणखी वजन उतरलं तर तिला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि होममध्ये ठेवलेली आई फार दिवस काढणार नाही, हे कुणी बजावायची गरज नव्हती.

सोमवारी सकाळी बाई आली. शर्ली तिचं नाव. पन्नाशीची, सडपातळ, केस घाईघाईत बांधलेले. डोळे सुजल्यासारखे दिसत होते. आधीच्या रात्री कुठे पार्टीबिर्टी झाली असेल, असं जोसेफिनने मनाशी ठरवून टाकलं. आपल्या आईला हात लावणारी कुणीही बाई त्या दिवशी तिला आवडली नसती.

तिने पेज दाखवली, औषधं दाखवली, आईची कूस कशी बदलायची ते दाखवलं. शर्लीने न सांगता आईच्या पाठीशी दोन उशा लावल्या आणि हनुवटीखाली रुमाल खोचला. ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील. आईने मात्र चमचा पाहताच तोंड भिंतीकडे फिरवलं.

शर्लीने घड्याळाकडे पाहिलं. घरात येऊन तिला धड दहा मिनिटंही झाली नव्हती. जोसेफिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमचं बरं आहे," ती म्हणाली. "चार वाजले की तुम्ही सुटलात."

शर्लीने पेजेचं भांडं उचललं. "हो, चार वाजता," एवढंच म्हणाली आणि पेज गरम करायला आत गेली.

ट्रेनमध्ये जोसेफिन डोळे पुसत बसली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मिसेस हॅन्लीचं घर होतं. किल्ली संस्थेने दिली होती. मिसेस हॅन्ली खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. अंगाने एवढ्याशा, पण नजर करडी. जोसेफिनने गुड मॉर्निंग म्हटलं, तर त्यांनी तिला फक्त आपादमस्तक न्याहाळलं.

सूप त्यांनी घेतलं नाही. अंडं घेतलं नाही. जोसेफिनने कस्टर्ड केलं, चमचा ओठांशी नेला, लहान मुलाची करावी तशी आर्जवं केली. म्हातारीने दात घट्ट मिटून घेतले.

"माझी मुलगी भरवते," शेवटी त्या म्हणाल्या. "ती आली की खाईन."

"मुलगी कामावर गेलीय ना? थोडं तरी खा."

"तिला आपणहून जायचं नव्हतं. तिला जायला लावलं."

जोसेफिनने वाटी खाली ठेवली. तिला ही बाई एकाएकी सख्खी वाटू लागली, आणि त्याबरोबर आपल्या आईची आठवण इतकी अनावर झाली की तिला राहवेना. फोन करू का, असं तिने विचारलं. मिसेस हॅन्लींनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

घरचा नंबर एंगेज होता. तिने थोडं थांबून पुन्हा लावला. एंगेज. तिसऱ्यांदाही तेच. ती शर्ली कामाच्या वेळेत कुणाशी गप्पा मारत बसली असेल? की आई पडली, आणि ती अँब्युलन्स बोलावतेय? आपण त्या बाईला सकाळी तसं बोलायला नको होतं, असं जोसेफिनला पहिल्यांदाच वाटलं. तिने रिसीव्हर ठेवला.

ठेवल्याठेवल्या फोन वाजला.

"हॅलो, आज आईकडे आलेल्या बाई ना तुम्ही?" पलीकडून कुणीतरी घाईघाईत इंग्रजीत बोलत होतं. "मी त्यांची मुलगी. कधीची लावतेय, सारखा एंगेज. तिने काही खाल्लं का हो? ती माझ्याशिवाय कुणाकडून खात नाही. इथे माझ्या हातून हीसुद्धा काही खात नाहीये. काय करू, मला कळत नाही."

आवाज ओळखीचा होता. पण जोसेफिनला उत्तर द्यायला सवड मिळाली नाही, कारण त्या आवाजाच्या मागून दुसरा एक आवाज आला, थकलेला, हट्टी आणि मराठी.

"त्या बयेला सांग, माझी जोसू येईपर्यंत मी तोंड उघडणार नाय."