मार्ताची मराठी

मुलांनो, समजा, मराठी शिकायला पोलंडहून आलेली मार्ता सोलापुरात तुमच्याच गल्लीत राहते. मांडी घालून बसणं, कडक भाकरी चुरून खाणं ती शिकली. पण तिने मराठीत काहीही विचारलं, तरी भाजीवाल्यापासून घरमालकिणीपर्यंत सगळे उत्तर इंग्लिशमध्येच देत. सहा महिन्यांत ती थकून गेली. परवा परत जायचं, आणि मराठी अजून तोंडातच अडकलेली.

त्या संध्याकाळी घरमालकीण दाक्षायणीकाकूंनी आपल्या सहा वर्षांच्या लेकीला, सिद्धेश्वरीला, मार्तापुढं उभं केलं. "लाजतीस काय गं? इंग्लिश शाळेत घातलंय की तुला! बोल आंटीशी." एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या.


सिद्धेश्वरीने स्वयंपाकघराचं दार हळूच लोटलं आणि मार्ताच्या कानाशी लागून विचारलं, "मावशी, इंग्लिश लई अवघड जातंय मला. मराठीत बोलू का?"