कुमुदकाकूंची जीभ

२०५१ साली कुमुदकाकूंच्या कैरीच्या मेथांब्याचा धंदा झाला. पुतण्या श्रीरंगनं हौसेनं त्यांच्या जिभेखाली नखाएवढी पट्टी चिकटवली. काकूंनी खाल्लं की घरबसल्या हजारो वर्गणीदारांच्या जिभेवर तीच चव उतरायची.

"शी! म्हणजे हे सगळे माझं उष्टं खातात?"

"उष्टं कसलं काकू, लाइव्ह आहे! घ्या, अजून एक चमचा. अमेरिकेतली मंडळी आत्ताच जेवायला बसलीत."

दिवसभर चमच्यामागून चमचा. ज्या मेथांब्यासाठी काकू चैत्राची वाट बघायच्या, त्याच्या नुसत्या वासानं त्यांना मळमळू लागलं. शेवटी ही खादाड माणसं एकदाची पळावीत म्हणून त्यांनी चमच्यात एरंडेल ओतलं आणि डोळे मिटून गिळलं.

श्रीरंग नाचतच आत आला. "काकू, वर्गणीदार दुप्पट झाले! म्हणतात, अजून पाजा!"

काकूंनी तोंडात बोट घालून पट्टी उपटली आणि मोरीत भिरकावली.

श्रीरंग आता दुसऱ्या एका बाईंना एरंडेल पाजतो. लोणावळ्याला त्याचा बंगला आहे. वर्गणीदार तोंडं उघडून वाट बघत बसलेले असतात. काकू दर चैत्रात मेथांबा करतात, बरणी शेजारी देऊन टाकतात, आणि कसा झालाय ते शेजारणीलाच विचारतात.