किंग साईज

मे १९८६. सकाळी दहा वाजता मालनच्या माहेरचा पलंग सासरच्या जोगेश्वरीतल्या एकुलत्या खोलीत आला. सिंगल, डबल, क्वीन, किंग अशी नावं दुकानदारानं सांगितली, तेव्हा तिच्या वडिलांनी सर्वांत मोठं निवडलं. मूल होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, म्हणून खोली न पाहताच ते गावी परतले. पलंग जोडल्यावर दारापुरती जमीन उरली.

"परत पाठवू या का?" मालननं विचारलं.

"गप गं. व्याह्यांनी हौसेनं दिलाय," सासू म्हणाली.

सासरे विटा घेऊन आले.

"मामंजी, विटा कशाला?"

"पलंग उंच करतो. खाली आम्हाला कूस तरी बदलता यायला हवी ना."

संध्याकाळी प्रत्येक खुराखाली दोन विटा होत्या. सासरे खाली शिरून पाहत होते. खांदा अजून अडकत होता.