क्रुसाचं शेपूट

नाताळच्या उपासाचे दोन दिवस उरले होते. नाईलकाठच्या चर्चच्या अंगणात बखीतकाका पोरांच्या मनगटांवर क्रूस गोंदत बसले होते. माझ्या इरिनीचा हात धरून ते म्हणाले, "हलू नकोस हं, बयो! तुझा बाप लहानपणी असाच हलला आणि त्याच्या क्रुसाला शेपूट फुटलं!" इरिनी खुदकन हसली. मी मात्र ओढणीने कपाळ पुसत होते. "सुई हिला टोचणार आणि घाम तुला?" काका हसले. "अगं, देव आपली लेकरं याच खुणेवरून ओळखतो." गेल्या नाताळात इथेच स्फोट झाला होता. इस्पितळात चादरींखाली माणसं ओळीने निजवली होती. चेहरे उरले नव्हते. मी एकेक मनगट उलटून बघत गेले. प्रत्येकावर क्रूस होता. शेपूटवाला एकच निघाला. मी इरिनीचे कान झाकले. "देव ओळखेल हिला, काका. मला ओळखू यावी म्हणून हिच्या क्रुसालाही शेपूट गोंदा."