निळा प्रकाश

"हसतोस काय यशवंता? ती पडली ना?" ऑर्गनवर बसलेल्या वामनरावांनी तबलजीला विचारले. वामनराव जन्मांध होते. पद रंगात असताना इंदूचा, त्यांच्या बायकोचा, सूर मध्येच तुटला आणि रंगमंचाच्या फळ्या धप्पकन वाजल्या, एवढे त्यांनी ऐकले होते.

"पडल्या की! काय झकास पडल्या वहिनी!" यशवंत हसून हसून बेजार झाला होता. सगळे थिएटर हसत होते.

वामनरावांच्या लक्षात आले. हे नवे दिवे गाण्यातला राग ओळखून रंग बदलत, आणि तो रंग ज्याच्या डोळ्यांत उतरे त्याचे मनही तसेच होई. आत्ता हसवणारा पिवळा असणार.

त्यांनी करुण जोगिया धरला. दिवे निळे झाले असावेत, कारण हसू विरले आणि हुंदके सुरू झाले.

"कोणी डॉक्टर आहे का? वर या!" वामनरावांनी हाक दिली.

"मी आहे ना," पहिल्या रांगेतून रडवेला आवाज आला. "फार वाईट वाटतंय हो."

पण एकही खुर्ची वाजली नाही. कोणीच उठले नाही.

मग मागून कोणीतरी भरल्या गळ्याने ओरडले, "वन्स मोअर!"